बोलण्यातला एक सेकंद

म्हापशाच्या मासळी बाजारातला शुक्रवारचा एक साधा व्यवहार डोक्यातून जात नाही. ओल्या ओट्यावर बांगड्यांचे वाटे मांडलेले, वर बर्फाचा चुरा, खाली पायांत खारट पाणी. एका बाईंनी वाट्याकडे बोट केलं. 'दोनशें,' मासळीवाली म्हणाली. बाई काहीच बोलल्या नाहीत. तोंड वाकडं केलं नाही, मानही हलवली नाही, नजर बांगड्यांवरच. असा जेमतेम एक सेकंद गेला असेल, तोच 'घे गो बाय, देडशें दी,' म्हणत मासळीवालीने वाटा उचललासुद्धा. पुढच्याच ओट्यापाशी त्या बाई सोबतच्या बाईला सांगत होत्या, 'दोनशे म्हणत होती, मी म्हटलं दीडशेच्या वर एक पैसा देणार नाही.' त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ते तसंच आठवत होतं. भाव त्यांनीच पाडला होता, फक्त तो पाडताना त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

मानवी संवादाचा विद्यापीठात अभ्यास करायचा म्हणजे काय करायचं, याचं सगळ्यात नेमकं उत्तर मला या व्यवहारात दिसतं. माणसं प्रत्यक्ष बोलताना काय करतात ही एक गोष्ट, आणि आपण काय बोललो म्हणून ती नंतर सांगतात ही दुसरी. दोन्हींचा अभ्यास करण्यासारखा आहे. पण मुलाखत घेऊन किंवा प्रश्नावली भरून घेऊन दुसरी गोष्ट हाती लागते, आणि प्रबंधात मात्र ती पहिली म्हणून लिहिली जाते. ही गल्लत इतकी सर्रास होते की अभ्यासक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात ती मुलांसमोर मांडायला हवी. बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यात फळ्यावर येते ती बाणांची आकृती: प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक.

या आकृतीचं मूळ टेलिफोनच्या तारेत आहे. गणितज्ञ आणि अभियंता क्लॉड शॅननने १९४८ साली बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना ती मांडली, तेव्हा त्याच्यासमोर प्रश्न होता तो गोंगाट असलेल्या वाहिनीतून संकेत कमीत कमी चुकांसह कसा पोचवायचा हा. संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाचा संबंध नाही, असं त्याने सुरुवातीलाच स्वच्छ लिहून ठेवलं. प्रतिसादाचा बाण नंतरच्या लोकांनी जोडला. तारेसाठी ही मांडणी अजोड आहे. मासळीच्या ओट्यापाशी मात्र ती निरुपयोगी ठरते, कारण तिथे ज्या 'संदेशा'ने पन्नास रुपये उतरवले तो कोणी पाठवलाच नव्हता. रिकामी गेलेली एक जागा होती, आणि ती रिकामी आहे हे दोघींनाही कळलं होतं.

दुसरा अडथळा सात टक्क्यांचा. संवादकौशल्याच्या कार्यशाळेत पहिल्या अर्ध्या तासात हे वाक्य ऐकू येतंच: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियनच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आले. एका प्रयोगात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणून घेतले होते. दुसऱ्यात एकच शब्द आणि चेहऱ्यांचे फोटो होते. ऐकणाऱ्याने एवढंच सांगायचं होतं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. म्हणजे शब्द आणि सूर एकमेकांशी विसंगत असले तर माणूस आपुलकी कशावरून जोखतो, एवढ्यापुरते ते आकडे. मेहराबियनने स्वतः ही मर्यादा नोंदवली आहे. तरी नोकरीच्या मुलाखतीपासून पंचायतीतल्या भाषणापर्यंत सगळीकडे ते फिरत राहतात आणि मुलं ते पाठ करून परीक्षेत लिहितात. सात टक्क्यांवर विश्वास बसला की शब्द नीट ऐकायची गरजच उरत नाही. मला वाईट वाटतं ते या नुकसानीचं.

म्हणून सुरुवात रेकॉर्डरपासून करावी.

समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्सने ती तशीच केली. १९६०च्या दशकात लॉस एंजलिसच्या एका आत्महत्या-प्रतिबंधक केंद्रातल्या फोनच्या टेप त्याच्या हाती होत्या. केंद्राची अडचण अशी की फोन करणारे नाव सांगत नसत. फोन उचलणारा माणूस आधी आपलं नाव सांगे, की त्याबदल्यात पलीकडचाही सांगतो, हा साधा हिशेब. एका फोनवर पलीकडून उत्तर आलं, 'ऐकू येत नाही.' मग याने नाव पुन्हा सांगितलं, पलीकडच्याने तेच नाव उच्चारून खात्री केली, आणि संभाषण पुढे सरकलं. नाव सांगायची जागा निघून गेली होती, नकार न देता. सॅक्सला प्रश्न पडला: 'ऐकू येत नाही' हे कानाबद्दलचं वाक्य आहे, की नाव न सांगण्याची पद्धत? टेप नसती तर हा प्रश्न पडलाच नसता, कारण अशी गोष्ट कोणी आठवून सांगत नाही. सॅक्स १९७५ साली रस्ता-अपघातात गेला, वय अवघं चाळीस. त्याच्या आदल्याच वर्षी इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांच्यासोबत त्याने बोलण्याच्या पाळ्या कशा ठरतात यावरचा निबंध छापला होता. संभाषण-विश्लेषणाचा, म्हणजे प्रत्यक्ष बोलणं टिपून बारकाईने तपासणाऱ्या शाखेचा, पाया म्हणून आजही तोच वाचायला देतात.

रेकॉर्डिंग ही दिसते तितकी सोपी गोष्ट नाही, आणि बिघडतं ते नेहमी त्याच त्या जागी. फोन चालतो, पण तो विमान मोडवर टाकावा, नाहीतर ऐन मोक्याला कोणाचा तरी कॉल येतो. फाइल वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर घ्यावी. मोनोमध्ये मिनिटाला साधारण ५ एमबी जागा लागते, एवढी प्रत्येकाकडे असते. गोंगाट आपोआप कमी करणारी सोय बंद करायची, कारण ती पंख्याबरोबर श्वासही पुसून टाकते, आणि बोलण्याआधी आत घेतलेला श्वास ही आपल्याला हवी असलेली वस्तू आहे. रेकॉर्डर थेट टेबलावर ठेवू नये. पेला ठेवला की कानठळ्या बसतात, म्हणून खाली घडी केलेला पंचा ठेवावा. बोलणाऱ्यांपासून मीटर-दीड मीटरच्या आत, पंख्याच्या थेट खाली नाही. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंग करायचा हट्टच सोडावा. कौलाखाली निदान रिमझिम असेपर्यंत निभावतं. बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीत, माणसं मोकळी बोलतात, पण समोरच्या रस्त्यावरून पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंगा, मोटारसायकली आणि शेजाऱ्याच्या हाका सगळं आत येतं. तरी मी बलकांवच निवडावा म्हणेन. गोव्यातल्या घरात बोलणं जिथे आपसूक होतं ती जागा सोडून बंद खोलीत माणसांना बसवलं, तर आवाज स्वच्छ मिळेल आणि बोलणं मिळणार नाही. तिघांपेक्षा जास्त माणसं असतील तर सोबत व्हिडिओ हवाच. नुसत्या आवाजावरून मान कोणी डोलावली ते कळत नाही. मासळीच्या ओट्यापाशी मान हलली नव्हती हेसुद्धा डोळ्यांनीच टिपायचं असतं.

सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं माणसं रेकॉर्डरसाठी बोलतात. आपण पाहत नसताना लोक कसे बोलतात हे पाहायचं आहे, आणि ते पाहिल्याशिवाय कळणार नाही, या पेचाला भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉवने निरीक्षकाचा विरोधाभास म्हटलं. त्यावर खात्रीचा तोडगा नाही. वेळ जाऊ द्यायचा, चहा येऊ द्यायचा. आणि 'चला, झालं' म्हणून बटण दाबायची घाई करायची नाही. ज्यासाठी पाहुणा आलेला असतो तो विषय चपला घालताना, पायरीवर निघतो.

संमतीपत्राचं इथे एक खास आहे. देवनागरीत छापलेला कागद दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या अनेक वयस्क माणसांना वाचता येत नाही, त्यांची कोंकणी रोमी म्हणजे रोमन लिपीतली. म्हणून मजकूर दोन्ही लिप्यांत ठेवावा, नाहीतर वाचून दाखवून तोंडी संमती रेकॉर्ड करावी. नावं बदलावीत, शक्यतो तितक्याच अक्षरांची घ्यावीत, म्हणजे लय टिकते. पण गोव्यात नाव बदलून भागत नाही. आडनाव, वाड्याचं नाव, देवळाचं नाव, एवढ्यावरून माणूस कोण ते पुढच्या गावात ओळखतात. तिन्ही बदलावी लागतात, आणि तरीही नमुना छापण्याआधी त्या माणसाला तो ऐकवून विचारलेलं बरं.

खरं काम पुढे असतं. बोललेलं कागदावर उतरवायचं, आणि ते जसं बोललं गेलं तसं. नुसते शब्द उतरवायचे तर तासाभराच्या बोलण्याला चार ते सहा तास पुरतात. जेफरसनने बसवलेल्या पद्धतीने, म्हणजे थांबे, श्वास, लांबलेले स्वर, एकमेकांवर चढलेलं बोलणं यांसकट उतरवायचं तर एकेका मिनिटाला तास जातो, चौघं एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. चिन्हं कळावीत एवढ्यापुरता खालचा नमुना रचलेला आहे. विश्लेषणाला रचलेलं उदाहरण कधीच चालत नाही.

१ भाची: चवथीला येणार ना गो तुम्ही सगळी?
२ (०.७)
३ मावशी: .ह यायचंच आहे गो::, पण ह्यांचो पांय [दुख–
४ भाची: [हय हय, खबर आसा म्हाका

कंसातला आकडा शांततेचा, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजलेला. टिंबानंतरचा ह म्हणजे आत घेतलेला श्वास. दोन विसर्गचिन्हांसारखे ठिपके म्हणजे लांबवलेला स्वर. चौकटी कंस जिथे उघडतात तिथून दोघी एकदम बोलतायत. 'खबर आसा म्हाका' म्हणजे मला माहीत आहे. आता दुसरी ओळ पाहावी. होकार असता तर तो लगेच आला असता. निमंत्रण, विनंती, देऊ केलेला भाव यांच्यानंतरचा होकार झटपट आणि छोटा येतो. नकार उशिरा येतो, श्वास घेऊन येतो, आधी गोड बोलतो, मग 'पण' म्हणतो आणि कारण देतो. हे इतकं पक्कं आहे की नुसता उशीर झाला तरी समोरच्याला नकार ऐकू येतो आणि तो आपली मागणी सैल करतो. मासळीवालीने केलं ते हेच. भाचीही मावशीचं वाक्य पुरं व्हायची वाट पाहत नाही. पाय दुखतो हे ऐकायच्या आधी तिने नकार पत्करला आहे आणि तो मावशीला उच्चारावा लागू नये याची सोयही केली आहे.

एका सेकंदाला इतकं वजन का, याचा हिशेब २००९ साली छापलेल्या दहा भाषांच्या तौलनिक अभ्यासात मिळतो. होय-नाही प्रकारचा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात. भाषाभाषांत थोडा फरक पडतो, डॅनिश सावकाश आणि जपानी चटपटीत, पण सगळ्या एकाच पट्ट्यात. दुसरीकडे, साधं चित्र पाहून त्याचं नाव तोंडून निघायलाच ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव सुरू केलेली असते आणि त्याचं वाक्य कुठे संपेल याचा अंदाजही बांधलेला असतो. इतक्या चोख वेळेत चालणाऱ्या कामात सातशे मिलिसेकंदांचा खंड कानाला ठळक लागणारच. त्या दहा भाषांत मराठी नाही, कोंकणी नाही, भारतातली एकही नाही. पेडण्यातल्या आणि काणकोणातल्या बोलण्याच्या पाळ्या मोजून पाहायला बोलणाऱ्यांखेरीज कोणाचीही परवानगी लागत नाही. ईलान हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात प्रत्येक माणसाला वेगळी पट्टी देता येते. श्वास आणि सूर पाहायला प्रात आहे, तेही फुकट.

जेफरसनची चिन्हं इंग्रजी टंकलेखन यंत्रावर जन्मली, आणि देवनागरीत आणताना ती ठिकठिकाणी अडतात. लांबवलेल्या स्वराचं चिन्ह विसर्गासारखं दिसतं, म्हणून आपल्याकडे ते कधी एकटं लिहू नये, दोन तरी लिहावेत. चढ्या आवाजासाठी तिथे मोठी लिपी वापरतात, आपल्याकडे मोठी-लहान लिपी नाही, अधोरेखन करावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घाची तर कटकटच, शुद्धलेखनातला दीर्घ उच्चारात आखूड असतो. पण सगळ्यात जास्त नुकसान करते ती मुलांची चांगली सवय. शाळेत शुद्धलेखन घटवलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप बोलणं दुरुस्त करतो. 'म्हणजे', 'आं', 'ते हे' गळतात. अर्धवट सोडलेलं वाक्य पुरं होतं. 'ह्यांचो पांय'चा 'ह्यांचा पाय' होतो, आणि मावशी नकारापाशी पोचल्यावर मराठीतून कोंकणीत उतरली ही त्या ओळीतली मोलाची गोष्ट कागदावरून नाहीशी होते. मराठी विभागातला विद्यार्थी सगळं मराठी करून टाकतो, कोंकणी विभागातला सगळं कोंकणी. दोघांच्याही मनात खोट नसते. गोव्यात भाषेच्या नावाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं का यावरच्या १९६७च्या जनमत कौलाचं आणि कोंकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७च्या कायद्याचं ओझं आहे, आणि ते हातात उतरतं.

याच ओझ्यामुळे प्रश्नावली इथे फसते. जनगणनेतल्या मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव बसतं. २०११ साली गोव्यात साधारण दोन तृतीयांश लोकांनी कोंकणी सांगितली, अकरा टक्क्यांच्या आसपास लोकांनी मराठी. हा आकडा खरा आहे, तो लोकांनी काय सांगितलं याचा आहे. त्याच घरातलं दहा मिनिटांचं बोलणं घ्यावं: नवऱ्याशी कोंकणी, देवघरातली आरती मराठी, पेपरातली बातमी मराठीत वाचून तिच्यावरचं भांडण कोंकणीत, नातवाला अभ्यास इंग्रजीत, गॅसवाल्याला हिंदी. आणि मध्ये असे तुकडे येतात की ते कुठल्या भाषेचे हे ठरवताच येत नाही, कारण शब्द दोन्हीकडे सारखाच, सूरही सारखाच. नवखा अभ्यासक असा तुकडा दिसला की घाबरतो आणि कुठल्या तरी रकान्यात कोंबतो. कोंबू नये. त्याला वेगळी खूण द्यावी आणि पुढची पाळी ऐकावी. समोरच्याने त्याला कोंकणी मानून उत्तर दिलं की मराठी मानून, हे पुढच्या ओळीत कळतं, आणि निकाल देण्याचा अधिकार अभ्यासकापेक्षा त्या समोरच्या माणसाला जास्त आहे. काही वेळा तोही निकाल देत नाही, तेव्हा तुकडा तसाच उघडा सोडावा.

भाषांच्या मिसळीवर आपल्या शेजारी मोठं काम झालेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात मराठी, कानडी आणि उर्दू शतकानुशतकं एकत्र नांदून त्यांच्या वाक्यरचना एकमेकींच्या किती जवळ आल्या, हे भाषा-अभ्यासक जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली दाखवलं. त्याच गंपर्झने ब्रिटनमधल्या एका विमानतळावरच्या कॅन्टीनचा नमुना नोंदवला आहे, तो गोव्यात हॉटेल-व्यवस्थापन शिकवणाऱ्या प्रत्येकाने वर्गात घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय-पाकिस्तानी बायका उद्धट आहेत, अशी तक्रार होती. रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं की मांस वाढताना त्या 'ग्रेव्ही' हा शब्द सूर खाली उतरवत म्हणत. इंग्रज बायका तोच शब्द सूर वर चढवत म्हणत. चढलेला सूर 'हवी का?' असा ऐकू जाई, उतरलेला 'ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या' असा. बायकांच्या मनात उद्धटपणाचा लवलेश नव्हता, त्यांच्या भाषेत तो सूर विचारण्याचाच होता. त्यांना मात्र वाटत होतं की आपल्याला पाण्यात पाहतात. टेप ऐकल्यावर दोन्ही बाजूंना एकदम उलगडा झाला. हसतमुख राहा, नजरेला नजर द्या, असल्या सूचनांनी हे कधीच सुटलं नसतं, कारण बिघाड एका शब्दाच्या शेवटच्या सुरात होता.

हे एकट्याने ऐकून होत नाही. अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्यायचा, पाच-सहा जणांनी गोल बसायचं, तो दहा-बारा वेळा लावायचा. मग वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापलं लिहायचं. त्यानंतर पाळीपाळीने एकेकाने एकच निरीक्षण सांगायचं, ओळ क्रमांकासकट. 'ती रागावली आहे' हे निरीक्षण धरायचं नाही. कुठल्या ओळीत, कशावरून, आणि समोरच्याने ते राग म्हणून घेतलं का, हे दाखवावं लागतं. पहिल्या दोन बैठकी कंटाळवाण्या जातात, तिसऱ्या-चौथ्यात कान उघडतो. गटात वेगवेगळ्या तालुक्यांतली मुलं असली तर फार बरं. डिचोलीच्या मुलीला जे सहज ऐकू येतं ते मडगावच्या मुलाला तीनदा ऐकूनही सापडत नाही, आणि उलटही होतं.

ताळगावच्या पठारावर १९८५ साली स्थापन झालेलं गोवा विद्यापीठ आहे, मराठी आणि कोंकणी दोन्ही विभाग तिथे आहेत. दोघांनी मिळून करण्याजोगं एक काम आहे आणि त्याला मुदत आहे. १९६१ साली, गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाला तेव्हा, पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. पोर्तुगीज प्रिमेरी शिकलेली, घरी मास्तर ठेवून मराठी गिरवलेली, कोंकणीत भांडणारी ही पिढी, आणि एकाच वाक्यात या तिन्ही वाटांनी जाणारं तिचं बोलणं. त्यांच्या आठवणींची पुस्तकं पुष्कळ निघाली, ती लिहिताना सगळं शुद्ध मराठीत किंवा शुद्ध कोंकणीत आलं. मुलाखतही नको, कारण मुलाखतीत ती माणसं सावरून बसतात. आज्जी आणि तिची बहीण फोव म्हणजे पोहे निवडत बसलेल्या असताना, दोघींना विचारून, पंच्याच्या घडीवर फोन ठेवावा. फाइलच्या नावात तारीख, तालुका आणि बोलणाऱ्यांच्या खुणेची अक्षरं घालावीत. सोबतच्या वहीत जन्मवर्ष, माहेर, सासर, शाळा कुठल्या भाषेची आणि घरात त्या वेळी आणखी कोण कोण होतं, हे त्याच दिवशी लिहावं, आठवड्याने लिहू म्हटलं की राहतं. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम करायची प्रत वेगळी. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरात, आणि एक त्या आज्जीच्या मुलांकडे.